व्यसन आणि मनोविकारांवरचं क्लिनिकल संशोधन: सोलापुरात अभ्यास उभा करायचा तर

प्रबंधाचा विषय ठरवताना पीजीची मुलं आधी औषध ठरवतात, मग मोजपट्टी, मग नमुन्याचा आकडा. पेशंट तिसऱ्या महिन्यात परत येईल का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. व्यसनावरचे अभ्यास नेमके तिथेच कोसळतात. ॲडमिट असेपर्यंत माणूस हाताशी असतो, डिस्चार्ज झाला की मोबाइल बंद, पत्ता 'मशिदीमागं, पाण्याच्या टाकीजवळ', आणि तुमच्या तक्त्यात 'फॉलो-अपला आले नाहीत' हा रकाना फुगत जातो.

म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे. आधी शेवटची भेट ठरवू, बाकीचं तिच्यावरून. एमडीचे विद्यार्थी, स्वतःचा दवाखाना चालवून एखादा छोटा अभ्यास करू पाहणारे मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक आणि एमएसडब्ल्यू झालेली मंडळी यांना समोर धरून लिहितोय. सोलापूरचं उदाहरण घेतलंय, कारण इथलं व्यसन इथल्या कामाच्या पाळ्यांना, सणांना आणि भाषांना चिकटलेलं आहे.

पहिलं काम: शेवटची भेट कागदावर उतरवा

प्रोटोकॉलची, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्याची, पहिली ओळ लिहिण्याआधी एका कोऱ्या पानावर पुढचं लिहा. शेवटची भेट कितव्या आठवड्यात? माणूस त्या दिवशी कुठे असेल? त्याला कोण फोन करेल, किती वाजता? आला नाही तर पुढे काय?

यंत्रमागावरचा कामगार पाळी चालू असताना फोन उचलत नाही, उचलला तरी मागाच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही. पाळी कधी सुटते ते पहिल्याच भेटीत विचारून ठेवा आणि त्यानंतरच फोन लावा. ऊसतोडीला जाणारा माणूस दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि हंगाम संपल्यावरच घरी येतो. त्याची तिसऱ्या महिन्याची भेट डिसेंबरात पडत असेल तर ती भेट होणार नाही, हे आजच धरून चाला. एक तर नोंदणीचे महिने बदला, नाही तर ती भेट फोनवर घ्यायची तरतूद ठेवा.

संपर्काचं पान केस रेकॉर्ड फॉर्मपासून (अभ्यासाची माहिती भरायच्या फॉर्मपासून) वेगळं, कुलपात. त्यात माणसाचं गल्लीतलं टोपणनाव, जवळची खूण, स्वतःचा नंबर, आणि त्याने स्वतः सुचवलेल्या दोन माणसांचे नंबर हवेत. बायकोचा नंबर आपण होऊन घेऊ नका, त्याला विचारून घ्या. काहींच्या घरी उपचारांचं माहीत नसतं, तर काहींच्या घरी तेवढ्यावरूनच भांडण पेटलेलं असतं. दुसऱ्याच कुणी फोन उचलला तर काय बोलायचं तेही लिहून ठेवा: "दवाखान्यातून बोलतोय, तपासणीच्या तारखेचं सांगायचं होतं." मानसोपचार, दारू, अभ्यास, यातला एकही शब्द नको.

भेटीच्या तारखेला दोन्हीकडे सात दिवसांची सूट ठेवली की निम्मी धावपळ कमी होते. प्रवासखर्च द्या, आणि तो पहिल्या दिवशीच सांगा. अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्याचा दिवसाचा रोजगारही बुडतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते, फक्त ती रक्कम आमिष ठरू नये आणि नीतिमत्ता समितीने ती पाहिलेली असावी. "रोख दिली की पिऊन टाकेल" ही भीती समितीत हमखास निघते. तिकीट पाहून तेवढेच पैसे द्यावेत असं माझं मत आहे. दारू पिणाऱ्या माणसाला पैसे सांभाळता येत नाहीत असं गृहीत धरूनच अभ्यास सुरू केला, तर तो आपल्याशी खरं कशाला बोलेल?

दुसरं काम: प्रश्न लहान करा

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे ३७ दवाखान्याची पायरी चढतच नाहीत. त्यामुळे 'वॉर्डातल्या पेशंटमध्ये नैराश्याचं प्रमाण' हा दरवर्षी निघणारा विषय फारसं नवीन सांगत नाही. त्यापेक्षा डिस्चार्जनंतर दर आठवड्याला फोन केला तर माणसं जास्त टिकतात का, विडी कामगार बायकांना मिसरी सोडायला गटात बसवणं बरं की एकेकटं, असे प्रश्न इथे सुटू शकतात आणि त्यांच्या उत्तराचा उपयोगही होतो.

तिसरं काम: माणसं किती लागतील

संख्याशास्त्रज्ञाकडे जाण्याआधी स्वतः एकदा हिशेब मांडा. डोळे उघडतात.

गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला अभ्यास घ्या, लॅन्सेटमध्ये २०१७ साली आलेला. घातक पातळीवर पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी काहींना प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी थोडक्या भेटींत समुपदेशन केलं, बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के माणसं धोक्याच्या पातळीखाली आली होती, दुसऱ्या गटात २६ टक्के.

एवढाच फरक सोलापुरात पकडायचा आहे असं समजा. नेहमीचं सूत्र, ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता), ५ टक्के चूक (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता). या दोन्हींवरून येणाऱ्या ७.८४ ला (०.३६ × ०.६४ + ०.२६ × ०.७४) ने गुणा, फरकाच्या वर्गाने, म्हणजे ०.०१ ने भागा. उत्तर साधारण ३३२, तेही एका गटात. ३० टक्के माणसं गळणार असं धरलं तर ३३२ ला ०.७ ने भागायचं, म्हणजे ४७४. दोन्ही गट मिळून ९४८. एमडीच्या मुदतीत हे होत नाही.

मग काय करायचं? फलित बदला. 'सुटली की नाही' असं दोन खणांत मोजण्याऐवजी 'गेल्या ९० दिवसांत न प्यायलेले दिवस' मोजले आणि अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्या मापाच्या निम्मा) फरक अपेक्षित धरला, तर गटाला साधारण ६३ माणसं पुरतात, गळती धरून ९०. हा आवाक्यातला आकडा आहे. मात्र एवढा मोठा फरक का अपेक्षित आहे ते आधीच्या अभ्यासावरून दाखवावं लागेल, आपल्या सोयीवरून नाही.

चौथं काम: परवानग्या, क्रमाने

प्रबंधाचा आराखडा आधी विभागात, मग संस्थेच्या नीतिमत्ता समितीपुढे, मग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात, हा क्रम सोलापूरच्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना तोंडपाठ असतो. तिढा पडतो तो शहरातल्या खाजगी डॉक्टरांचा, कारण त्यांच्याकडे स्वतःची समिती नसते. औषधाची चाचणी असेल तर २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांत वाट आहे: त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या परिघातली दुसरी नोंदणीकृत समिती मान्यता देऊ शकते. सोलापूरची समिती अक्कलकोटच्या दवाखान्याला चालते. पंढरपूर आणि बार्शी मात्र परिघाबाहेर पडतात.

बाजारात मान्यता असलेलं औषध नव्या कारणासाठी निव्वळ शैक्षणिक हेतूने तपासायचं असेल आणि त्यावरून विक्रीची परवानगी मागायची नसेल, तर केंद्रीय औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही, समितीची लागते. दोहोंपैकी आपण कुठे बसतो याचं उत्तर समितीकडून लेखी घ्या.

त्यानंतर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतली नोंदणी. ती मोफत आहे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारत नाहीत, म्हणजे पहिल्या माणसाची सही होण्याआधी नंबर हातात हवा. इथे ढिलाई झाली तर पुढे चांगलं नियतकालिक तो लेख उघडूनही पाहत नाही.

पाचवं काम: संमती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. म्हणून कलम ९९ व्यसनावरच्या अभ्यासालाही लागू होतं. नुसती मुलाखत घ्यायची असली तरी त्या माणसाची स्वतःची, मोकळी, समजून दिलेली संमती हवी. तो संमती देण्याच्या स्थितीत नसेल पण विरोधही करत नसेल, तर उपचार करून पाहणाऱ्या अभ्यासाला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, तीही नामनिर्देशित प्रतिनिधीच्या संमतीवर आणि कडक अटींवर. जुन्या केसपेपरांचा अभ्यास ओळख लपवून करता येतो.

वॉर्डात याचा अर्थ असा होतो. माणूस काल रात्री ॲडमिट झालाय, हात थरथरतायत, घाम फुटलाय, बायको बाजूला उभी आहे. ती म्हणते, "कुठं सही करायची सांगा, मी करते." तिची सही चालत नाही. आणि त्याची त्या दिवशीची सहीही घेऊ नका.

दारू थांबल्यावर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते, फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, भ्रमाची अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. म्हणून संमतीची बैठक साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी ठेवा. दारू थांबल्यावरचा त्रास मोजणाऱ्या सीवा-एआर मोजपट्टीवर गुण ८ च्या खाली हवेत, वार, तारीख, जागा नीट सांगता यायला हवी. मगच माहितीपत्रक काढा.

पत्रक वाचून दाखवलं की त्यालाच उलट विचारा. नुसतं "समजलं का?" विचारलंत तर सगळेच मान डोलावतात. त्यापेक्षा असं:

"मामा, आता मला तुम्ही सांगा, हे कशासाठी चाललंय?"
"दारू सोडवायसाठी की ओ."
"उपचार तर तुम्हाला मिळणारच आहेत. हा अभ्यास कशाचा?"
"ते... दोन गोळ्यांतली कोणची चांगली ते बघायलाय."
"तुम्हाला कोणती मिळणार ते कोण ठरवणार?"
"तुम्हीच की."

इथे थांबायचं. गट चिठ्ठीने ठरतो, डॉक्टर ठरवत नाही, ही गोष्ट बहुतेकांना पहिल्या फेरीत उमगत नाही. पुन्हा सांगा, पुन्हा विचारा. नाही म्हणाल तरी उपचार तेच राहतील, मधूनच सोडता येईल, काही इजा झाली तर कुठे जायचं, हे तिन्ही मुद्दे त्याच्या तोंडून आले पाहिजेत. क्षमता तपासायला यूबीएसीसी ही दहा प्रश्नांची छोटी पट्टी आहे. ती वापरा आणि गुण नोंदवून ठेवा. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोलीत हवा. अंगठा घेताना वॉर्डबॉयला हाक मारून सही करायला लावणं म्हणजे साक्ष नव्हे.

पत्रक मराठीत केलं की काम संपलं असं सोलापुरात होत नाही. शहराच्या पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शिवाय दखनी बोलणारा मोठा वर्ग. अनुवाद एकाने करावा, उलट अनुवाद दुसऱ्याने, आणि मग पाच-सहा पेशंटना वाचून दाखवून ते काय समजले ते ऐकावं. ओपीडीच्या रांगेतल्या कुणा नातेवाइकाला दुभाषी म्हणून बसवू नका, तो स्वतःचीच उत्तरं देतो.

सहावं काम: मोजमाप

ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची पट्टी. दहा प्रश्न, ० ते ४० गुण, ८ पासून पुढे धोका. तिच्यातलं एक 'पेय' म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे कुणीच पेयात मोजत नाही. "काय न्हाई ओ, एक क्वार्टर. लई झालं तर दीड."

क्वार्टर म्हणजे १८० मिलि. व्हिस्की-रमची तीव्रता ४२.८ टक्के. १८० × ०.४२८ × ०.७८९ म्हणजे जवळपास ६१ ग्रॅम, सहा पेयं. नाइन्टी म्हणजे तीन. ६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार. हा तक्ता मुलाखत घेणाऱ्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि रिकाम्या बाटल्या, ग्लास टेबलावर ठेवा, माणूस हाताने दाखवतो ते जास्त खरं असतं. हातभट्टीची तीव्रता ठरलेली नसते. तिथे ग्लासांची संख्या जशी सांगितली तशी नोंदवा, ग्रॅममध्ये बदलण्याचा हट्ट सोडा आणि विश्लेषणात तो गट वेगळा ठेवा. कुठून आणता हे विचारूच नका. अभ्यासाला त्याचा उपयोग नाही, आणि असा कागद उद्या कुणी मागितला तर पंचाईत.

शिंदी-ताडी पिणाऱ्यांसाठी आणखी एक काळजी. तेलंगणात भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलाम, डायझेपाम सापडलेलं आहे. सोलापूरचं तिकडे रोजचं येणंजाणं आहे. 'फक्त ताडी' सांगणाऱ्याला ती थांबल्यावर दारूच्या मानाने फार जोरात त्रास होत असेल तर लघवीची तपासणी करा. ऑडिटच्या गुणांवर विसंबू नका.

दिवसांचा हिशेब घ्यायला टाइमलाइन फॉलो-बॅक ही पद्धत उत्तम. कॅलेंडर समोर ठेवून मागे मागे जायचं. "गेल्या ९० दिवसांत किती?" याला कुणाकडेच उत्तर नसतं. पण "गड्ड्याच्या जत्रेत किती दिवस झाली?", "आषाढीला गेला होता? तेव्हा किती दिवस बंद?", "पगाराच्या दिवशी?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. इंग्रजी महिन्यांचा छापील तक्ता बाजूला ठेवा, सरळ आपलं दिनदर्शिकेचं पान घ्या.

याच कॅलेंडरने निष्कर्षही फसवले जातात. गटारीला पिणं वर जातं, श्रावणात कित्येक जण आपणहून बंद करतात. नोंदणी आषाढात आणि फॉलो-अप श्रावणात पडला की कुठलंही औषध चमत्कार करतं. उपाय सोपा: दोन्ही गटांत एकाच काळात नोंदणी, आणि प्रत्येक भेटीची तिथी लिहिलेली. तसंच 'माळ घातली का?' हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच. पंढरीची माळ घालून दारू सोडणं हा या भागातला खराखुरा उपचार आहे, तो तुमच्या गोळीच्या खात्यात जमा होऊ नये.

आणखी एक विचारायचं: घरच्यांनी नकळत काही दिलंय का? 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' या जाहिरातींना भुलून जेवणात काहीबाही मिसळलं जातं. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल तर दारूबरोबर जिवावर बेतू शकतं. बायकोला हे एकटीला, आवाज न चढवता विचारा.

तंबाखूचं वेगळं. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू २४.४ टक्के आणि धूम्रपान ३.८ टक्के होतं. त्यामुळे सिगारेटचं व्यसन मोजण्यासाठी केलेली फॅगरस्ट्रॉम पट्टी इथे तोकडी पडते, तिची धूरविरहित तंबाखूची आवृत्ती घ्या. विडी आणि मावा एका रकान्यात घालू नका. विडीच्या धुराने क्लोझापिन, ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधांची रक्तातली पातळी उतरते, मावा-मिसरीने तसं होत नाही. स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात हा फरक सुटला तर डोसचं सगळं गणित चुकतं. आणि विडी वळणाऱ्या बाईच्या लघवीत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा घटक) सापडलं म्हणून ती मिसरी लावतेच असं नाही, दिवसभर तंबाखू हाताळूनही निकोटिन अंगात जातं. अशा ठिकाणी 'सोडल्याची' खात्री कोटिनिनवर ठरवू नका.

हॅम-डी (नैराश्याची), पॅन्स (स्किझोफ्रेनियाची) या पट्ट्या भरणारे दोघे असतील तर अभ्यास सुरू होण्याआधी दोघांनी तेच दहा पेशंट वेगवेगळे तपासून गुण ताडून पाहावेत. आणि फॉलो-अप घेणाऱ्याला गट माहीत नसावा. विभागात माणसं कमी, म्हणून हे टाळलं जातं. दुसऱ्या युनिटच्या ज्युनिअरला विनंती केली तर होऊन जातं.

सातवं काम: कोणाला घ्यायचं नाही, आणि काही झालं तर

नालट्रेक्सोनच्या (दारूची ओढ कमी करणाऱ्या औषधाच्या) अभ्यासात अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉल ही ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारी, औषधं घेणारा माणूस नजरचुकीने आला तर त्याला ओपिऑइड सुटल्याचा त्रास एकदम उसळतो. ७ ते १० दिवसांचं अंतर हवं. "दुखण्याची गोळी कोणती?" असं न विचारता "पाकीट दाखवा" म्हणा. यकृताच्या तपासण्या नालट्रेक्सोन आणि डायसल्फिराम, दोन्ही औषधांसाठी सुरुवातीलाच. दारू थांबवतानाच्या उपचारात निव्वळ प्लासिबोचा (बिनऔषधाच्या गोळीचा) गट ठेवायचा नाही. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) सगळ्यांना, ग्लुकोजच्या आधी.

पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्यापेक्षा जास्त आलं तर मुलाखत घेणाऱ्याने काय करायचं हे एका पानावर छापलेलं हवं: एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरने पाहायचं, घरात फवारणीचं औषध आहे का ते विचारायचं, संमती घेऊन घरच्यांना सांगायचं, १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लिहून द्यायचा. फोनवरच्या फॉलो-अपला असं उत्तर आलं तर फोन ठेवायचा नाही, दुसऱ्या फोनवरून डॉक्टरला गाठायचं.

औषधाच्या चाचणीत गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांत कळवायची असते, विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत. दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागणं हीसुद्धा गंभीर घटना धरतात. व्यसनात पुन्हा ॲडमिट होणं नेहमीचं, म्हणून ठरवून केलेली भरती यात धरायची की नाही ते प्रोटोकॉलमध्येच लिहा.

आठवं काम: नोंदी आणि विश्लेषण

मूळ नोंद त्याच वेळी, त्याच कागदावर, सही-तारखेसह. चूक झाली तर एक रेघ मारा, व्हाइटनर नको. नाव एका फाइलमध्ये, क्रमांक दुसऱ्या. माहिती भरायचं कोबोटूलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या मोबाइलवर चालतं. व्हॉट्सॲपवर फॉर्मचे फोटो पाठवणं आजच बंद करा.

गळालेल्यांचं काय करायचं ते आकडे पाहण्याआधी ठरवा. व्यसनाच्या अभ्यासात जुनी रीत अशी की जो आला नाही तो पितोय असं धरायचं. कडक आहे, पण दोन गटांतली गळती वेगवेगळी असेल तर हीही रीत एका बाजूला झुकते. म्हणून मुख्य विश्लेषण ज्याला जो गट मिळाला त्या गटातच ठेवून करा, मिश्र प्रतिमान (काही भेटी हुकल्या तरी मिळालेले सगळे आकडे वापरणारी पद्धत) वापरा, आणि 'न आलेले सगळे पिणारे' धरून दुसऱ्यांदा हिशेब करा. दोन्हींचं उत्तर एकच आलं तर ठीक. वेगळं आलं तर दोन्ही छापा. न आलेल्याचा शेवटचा गुणच पुढच्या भेटींना धरत जाण्याची पद्धत सोडून द्या, डिस्चार्जच्या दिवशी सगळेच सुधारलेले असतात.

काही फरक पडला नाही असा निकाल आला तरी सीटीआरआयवरची नोंद अद्ययावत करा आणि लेख पाठवा. ज्यांनी वेळ दिला त्यांना एका पानाचा निकाल मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये कळवा, त्यांनी मागितला असेल तर आणि त्यांनी सांगितलेल्याच पत्त्यावर. साध्या पाकिटात पाठवा. वर विभागाचा शिक्का नको.